अण्णा रात्री बरळायलेत, हे वय नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात नोकरीला. घर धारूर तालुक्यात, डोंगराच्या कडेच्या गावात. तिथे वडील, म्हणजे अण्णा, वय ७८, आणि आई, वय ७२. अण्णांना पंधरा वर्षांपासून शुगर आणि बीपी. धाकटा भाऊ आणि भावजय ऊसतोडीला गेलेत, टोळी अजून परतायची आहे, म्हणून घरात ही दोघं आणि भावाची आठ वर्षांची पोरगी. गेले दहा दिवस दिवस मावळला की अण्णा बरळतात, बारा वर्षांपूर्वी विकलेले बैल शोधतात. एकदा रात्री अंगणात पडले. तालुक्याला नेऊन दोनदा सलाईन लावलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. भावकी म्हणते वय झालं, मावशी म्हणते बाहेरचं आहे. विचारायचं आहे ते हे: हा विसरण्याचा आजार आहे का, पुण्याला आणावं का, आणि घरी नेमकं काय सांभाळायचं?

याच डोंगरपट्ट्यात अठ्ठावीस वर्षं प्रॅक्टिस केली, त्यातली बरीचशी म्हाताऱ्यांच्या बाजेशेजारी बसून. त्यावरून पहिली गोष्ट सांगतो. वय हळूहळू येतं. वर्षानुवर्षं येतं. जे दहा दिवसांत आलं ते वय नव्हे, काहीतरी बिघडलंय. विसरण्याचा आजार, ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तोही असा दहा दिवसांत येत नाही. तो महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. भलं चांगलं बोलणारं माणूस आठवडाभरात बरळायला लागलं, दिवसा बरं आणि रात्री वेगळंच, मध्येच शुद्धीवर, मध्येच झोपाळू, असं असेल तर त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो. त्यामागे जवळजवळ नेहमी शरीरातलं काहीतरी कारण असतं आणि ते बहुतेक वेळा सापडतं. सापडलं तर माणूस परत येतं. म्हणून घाई करा. पण घाई पुण्याची नको, तपासणीची हवी.

आधी आईला फोन करून एकच गोष्ट विचारा: पडणं आधी की बरळणं आधी? बरळता बरळता अंधारात उठले आणि पडले, तर गोष्ट वेगळी. आधी पडले, डोक्याला मार लागला आणि मग काही दिवसांनी बरळायला लागले, तर डोक्याचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे. म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूभोवती रक्त हळूहळू साचू शकतं. दिवस जातात, कधी आठवडे जातात, आणि वरून खोकही दिसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर धोका जास्त. तुमच्या बाजूने अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, स्वामी रामानंद तीर्थ, जवळ पडतं. तिथेच न्या. पडण्याआधीच बरळत असले तरी पडताना डोकं आपटलं असेल, उलटी होत असेल, एका बाजूचा हातपाय ढिला वाटत असेल, तरीही सीटी.

त्याच फेरीत या तपासण्या करून घ्या: रक्तातली साखर, सोडियम-पोटॅशियम हे क्षार, किडनीसाठी क्रिएटिनिन, हिमोग्राम, लघवी, ईसीजी. या यादीतली जी तपासणी आमच्याकडे सगळ्यात जास्त राहून जाते ती सोडियमची. बीपीच्या गोळीची पट्टी हातात घ्या आणि नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ लिहिलंय का बघा. ‘सीटी’ म्हणजे स्कॅन नव्हे. या अक्षरांचा अर्थ त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे, ज्याला लोक पाण्याची गोळी म्हणतात. औषध चांगलं आहे, मीही लिहून देतो. पण फाल्गुन संपून ऊन तापायला लागलं, घाम वाढला, जेवण कमी झालं, की याच गोळीने काही म्हाताऱ्यांचं सोडियम खाली येतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. माझ्याकडे एकदा एका आजीबाईंना देवीचं अंगात आलं म्हणून आणलं होतं. गाडीतून उतरवतानाच भावकीतले चारजण मला समजावत होते की हे तुमच्या हातातलं नाही. सोडियम आलं ११८. हॉस्पिटलात सावकाश, मोजून मोजून वर आणलं. पाचव्या दिवशी बाई सुनेला विचारत होत्या, जनावरांना वैरण कोण टाकतंय. सावकाश हा शब्द मुद्दाम वापरला. घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून घरी चमच्याने मीठ चारायचं नाही.

दुसरं, साखर. सगळे वाढलेल्या साखरेला भितात. ७८ वर्षांच्या माणसात मला भीती कमी झालेल्या साखरेची वाटते. अण्णा माळकरी असतील, महिन्याच्या दोन्ही एकादशा धरत असतील, आणि सकाळी उठून नेमाने शुगरची ग्लिमेपिराइड ही गोळीही घेत असतील, तर दुपारपर्यंत साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, किंवा थरथरणं न होता थेट बडबड सुरू होते. किडनी थकली असेल तर ती गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळते आणि पहाटेही साखर पडते. ग्लुकोमीटर घरात हवंच. बरळायला लागले की आधी बोटाला सुई टोचा, मग भावकीला बोलवा. साखर ७० च्या खाली आणि माणूस गिळू शकतंय, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि सावरले की काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. आणि जेवण नाही त्या वेळी ही गोळी नाही, हे आईच्या कानावर घाला. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, माझं कुणी ऐकतही नाही. पण उपवासाच्या दिवशी कोणती गोळी टाळायची हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. अण्णांच्या वयात तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीएवनसी, ८ च्या आसपास असला तरी चालतो. तरण्या माणसासारखा साडेसहाचा हट्ट नको.

तिसरं, लघवी. जंतुसंसर्ग असतोच, पण पुरुषांत आणखी एक भानगड. सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून आणलेली साधी सर्दीची गोळी, जिच्यात क्लोरफेनिरामिन असतं, ती म्हाताऱ्याला दोन प्रकारे छळते. डोकं धुंद करते, आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी तुंबवते. माणूस रात्रभर उठ-बस करतो, थेंब थेंब होते, बेंबीखाली पोट फुगून टणक लागतं, आणि तळमळीने तो बरळतो. नळी घातली की एक-दीड लिटर लघवी निघते आणि अर्ध्या तासात म्हातारा चहा मागतो. चार-चार दिवस संडास न होणं हेही तितकंच मोठं कारण आहे, फक्त ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही.

आता त्या सलाईनबद्दल. ‘डॉक्टर, एक बाटली लावा की, अंगात ताकद न्हाई’ हे वाक्य मी रोज ऐकतो. त्या बाटलीत काय असतं? साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी. ग्लुकोजची असेल तर पाच टक्क्यांच्या हिशेबाने २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. अर्ध्या भाकरीची ताकद नाही त्यात. अंगातलं पाणी खरंच कमी झालं असेल तर बाटलीने तरतरी येते, तुमच्या अण्णांना दोन दिवस आली तशी. पण ती दोनदा आली आणि दोनदा गेली, याचाच अर्थ मूळ कारण जागेवर आहे. आणि ज्याचं हृदय कमजोर, पायावर सूज, झोपलं की दम लागतो, त्याला हीच बाटली रात्रीतून गुदमरवू शकते.

कारण सापडेपर्यंत घरी कसं वागायचं, तर अण्णा विचारतील, ‘बैलांला पाणी दावलं का?’ आई म्हणेल, ‘कुठले बैल, विकून बारा वर्षं झाली.’ इथेच भांडण पेटतं. अण्णांच्या डोक्यात बैल दावणीला उभे आहेत, ते तहानलेत, आणि घरातली माणसं खोटं बोलतायत. आईला सांगा, वाद घालू नको. ‘दावलं, पाजून आले, वैरण बी टाकली. तुम्ही च्या घ्या.’ एवढ्याने बहुतेक रात्री निभावतात. दिवा पूर्ण मालवू नका, मंद राहू द्या. चष्मा उशाशी ठेवा, दिवसा नाकावर. कानाचं यंत्र असेल तर ते लावा, नसेल तर कानात मळाचा गोळा आहे का ते डॉक्टरांना बघायला सांगा. कमी ऐकू येणाऱ्याला लोक भ्रमिष्ट ठरवतात. दुपारी लांब झोपू देऊ नका. बाजेला बांधून तर अजिबात ठेवू नका. आणि झोपेची गोळी, अल्प्राझोलाम वगैरे, शेजारच्याला दिली होती म्हणून ह्यांनाही द्यायची नाही. तिने गोंधळ वाढतो, तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. मावशीला अंगारा लावायचा असेल तर खुशाल लावू द्या, त्याने काही बिघडत नाही. फक्त तो लघवीच्या तपासणीआधी लावला म्हणून तपासणी राहिली, असं होऊ देऊ नका.

तपासण्यांची फेरी झाली की स्वतः दोन दिवसांची सुट्टी काढून गावी जा. तिथे तीन गोष्टी बघायच्या आहेत: गोळ्यांची पिशवी, रात्रीची वाट, आणि पाणी. या तिन्ही फोनवरून कळत नाहीत.

पिशवी आधी. प्रत्येक घरात ती असते, बहुतेक खुंटीला टांगलेली, कापड दुकानाची. तिच्यात नव्या-जुन्या चिठ्ठ्या, अर्ध्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, एखादं सुकलेलं मलम. ती अख्खी चादरीवर ओता. मी घरी गेलो की पहिलं हेच करतो. मागच्या वर्षी एका घरात अशी ओतली तर सतरा पट्ट्या निघाल्या. शुगरची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. एक अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी लिहिलेली, एक लातूरच्या. आजोबा दोन्ही घेत होते, कारण दोन्ही डॉक्टर चांगले आहेत. शिवाय गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, ती चिठ्ठीवर कुठेच नाही, मेडिकलवाल्याने दिलेली. आणि एक बारीक पांढरी गोळी कागदाच्या पुडीत, नाव नाही, गाव नाही. ‘हिनं लई आराम पडतोय’ म्हणाले. पडणारच, स्टेरॉइड होतं ते. चेहरा फुगला होता, साखर ३०० च्या वर. असं स्टेरॉइड महिनोन्महिने घेतलं असेल तर ते एका दिवसात बंदही करता येत नाही, शरीर खचतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवावं लागतं.

या सगळ्यात वाईट जोडी लक्षात ठेवा: बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, तिच्यात पाण्याची गोळी, आणि वरून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी. तिन्ही एकत्र आणि बाहेर ४३ अंशांचं ऊन, की किडनीचं काम बसलंच. दुखण्याला पॅरासिटामॉल बरं, लिव्हरचा आजार नसेल तर दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. सगळ्या पट्ट्या एका डॉक्टरपुढे ठेवा, कुठल्याही एका, आणि त्यांना विचारा: यातल्या कोणत्या बंद करता येतील? आपल्याकडे डॉक्टर बदलला की गोळ्या वाढतात, पण कमी करायला कुणी कुणाला सांगत नाही. आम्हा डॉक्टरांवरचा हा डाग आहे, कबूल करतो.

जाता जाता ब जीवनसत्त्वाचं. माळकरी माणूस, म्हणजे मटण-अंडी नाही, आणि वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी. बी-१२ कमी असण्याची शक्यता भरपूर. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, सगळं त्याने होतं. एकदा तपासा. थायरॉइडही त्याच रक्तात होऊन जाईल.

आता वाट. रात्रीची. अण्णांची बाज कुठे, संडास कुठे? तुम्ही स्वतः रात्री दोन वाजता उठा, दिवा न लावता त्या बाजेवरून संडासापर्यंत चाला आणि पावलं मोजा. मी एका घरात मोजली होती, एकतीस निघाली. त्यात दोन उंबरे, अंगणात उतरायची एक उंच पायरी, तुळशीच्या कट्ट्याला वळसा, कोपऱ्यात पाण्याचा पाइप आडवा, आणि संडासाच्या दारात शहाबादी फरशी, जिच्यावर सांडलेलं पाणी अंधारात दिसत नाही. आतमध्ये बसायचं भारतीय पद्धतीचं भांडं, धरायला काही नाही. गुडघे गेलेला माणूस तिथे बसतो कसा आणि उठतो कसा, हे मुलाने कधी पाहिलेलं नसतं, कारण तिथे दार लावलेलं असतं.

रात्रीपुरता संडासच बाजेपाशी आणा. कमोडची खुर्ची मिळते, खाली भांडं असलेली. लघवीसाठी प्लास्टिकचं भांडं बाजेखाली. अण्णा आधी लाजतील, ‘मी काय आजारी हाय का’ म्हणतील. त्यांना सांगा, डॉक्टरने फक्त रात्रीसाठी सांगितलंय. ‘फक्त रात्रीसाठी’ या दोन शब्दांवर मी कितीतरी म्हाताऱ्यांना राजी केलंय. संडासात भिंतीला लोखंडी नळीचा दांडा ठोकून घ्या, गावातला वेल्डिंगवाला तासाभरात करतो. बाजेची सुतळी ढिली असेल तर ताणून घ्या. खोलगट बाजेतून उठताना तोल जातो. चपला मागे पट्टा असलेल्या द्या, आणि अनवाणी अजिबात नको. शुगरच्या पायाला बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही, आठ दिवसांनी पू आल्यावर कळतो. रोज रात्री नातीला आजोबांचे तळवे बघायला लावा. पोरांना हे काम आवडतं, आणि त्यांचे डोळे चांगले असतात.

उठण्याची एक पद्धतही शिकवा. उठलं की आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, मनात शंभर मोजायचे, मग उभं राहायचं. बीपी आडवं असताना मोजा आणि उभं केल्यावर एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर पडण्याचं कारण तिथेच आहे आणि गोळ्यांचा डोस बघावा लागेल. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजून देतात, फक्त उभं करून मोजा असं त्यांना मुद्दाम सांगावं लागतं.

आणि पडलेच तर? पाय आखूड झालेला, पंजा बाहेर वळलेला आणि उभं राहता येत नाही, म्हणजे खुबा मोडला असं धरून चाला. चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. दोन पायांमध्ये उशी ठेवून पाय एकत्र बांधायचे आणि न्यायचं. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावं. म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणावर पडून राहणं जास्त महाग पडतं: न्यूमोनिया, पाठीला जखमा. ‘या वयात कशाला ऑपरेशन’ म्हणून घरी ठेवलेल्यांचे हाल मी पाहिलेत.

लकव्याचंही तसंच. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोबडी वळली, की घड्याळ बघा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी काढून. कुठल्या तरी गावी लकव्याचं औषध मिळतं म्हणून गाडी तिकडे वळली की हे साडेचार तास रस्त्यातच संपतात. सीटीची मशीन जिथे आहे तिथेच थेट.

तिसरं, पाणी. हे बोलायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात अवघड. वय झालं की तहान लागण्याची जाणीवच मंदावते, कोरड पडली तरी कळत नाही. त्यात आपल्याकडे पाण्याची सवय टँकरची; हंड्यातलं पाणी आधी पोरांना, मग जनावरांना, मग उरलं तर आपल्याला, हे म्हाताऱ्यांच्या हाडात बसलेलं आहे. पण खरं कारण एका आजीने मला सांगितलं होतं: ‘पानी पिलं की उठावं लागतंय, अन् उठलं की पडावं लागतंय.’ म्हणून संडासाची वाट आधी नीट केली, मगच पाण्याचा आग्रह करा. तहान लागेल तेव्हा नाही, ठरलेल्या वेळांना. सकाळी उठल्यावर एक तांब्या, चहाआधी अर्धा पेला, जेवणासोबत ताक, चारला पुन्हा, संध्याकाळी सहानंतर कमी. एक तांब्या त्यांच्या नावाचा ठेवा, दिवसभरात तो दोनदा-तीनदा रिकामा झाला पाहिजे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र पाण्याचं माप डॉक्टरकडून घ्या.

उन्हाळा तर दारातच आहे. माळवदाची घरं होती तेव्हा भर वैशाखात आत गारवा असायचा. आता वर पत्रे आले, दुपारी दोनला आत भट्टी. शक्य असेल तर पत्र्यावर पांढरा चुना द्या, वर कडबा किंवा पाचट टाका, आणि दुपारी अण्णांना लिंबाच्या सावलीत बसवा. हवाच ४० च्या वर गेली की नुसता पंखा गरम वारं मारतो, अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंखा. अंग तापलंय आणि बोलणं भरकटलंय, असं उन्हाळ्यात दिसलं तर तो उष्माघात समजा. पाण्याने भिजवत भिजवतच दवाखान्यात न्या.

खाण्याचं थोडक्यात. आपली ज्वारीची भाकरी उत्तम आहे, पण दात नसले की माणूस ती सोडतो आणि चहा-बिस्किटावर येतो, मग दंडाचं मांस उतरतं. कुस्करून वरणात, दुधात द्या. मुगाचं कढण, शेंगदाण्याचा कूट घातलेली पातळ भाजी, दही, ताक. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम, आणि नुसत्या वरणाच्या पाण्यातून ती येत नाहीत. किडनीचा अहवाल खराब आला तर हा हिशेब डॉक्टर बदलतील. पाणी पिताना ठसका लागत असेल तर आडवं असताना काही पाजू नका. ताठ बसवून, घोट घोट, आणि नंतर अर्धा तास बसलेलंच ठेवा. तोंडात तंबाखूची जागा असेल तर तिथे दोन आठवड्यांवर न भरलेला चट्टा आहे का, तेही बघून घ्या.

आता पुण्याला आणायचं की नाही. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. डोकं गोंधळलेलं असताना माणसाला नव्या जागी हलवलं की गोंधळ दुप्पट होतो. तिथे चौथा मजला, दार बंद, तुम्ही दोघं कामावर, आणि अण्णांना संडासाचं दार कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे कळत नाही. गावात मारुतीच्या पाराला चार माणसं ओळखणारी आहेत, निघाले तर कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडतं. अण्णा सावरले, महिना-दोन महिने बरे राहिले, मग पावसाळ्यात चार आठवडे आणून बघा. उलट, गावच बरं असाही माझा हट्ट नाही. तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या, तरी रात्री रात्री जागरण चालूच राहिलं आणि आई कोसळायला आली, तर पाराचं कौतुक पुरे, माणूस मदतीला ठेवा किंवा घेऊन या.

कारण तुमच्या पत्रात आईबद्दल एकच ओळ आहे, ‘आईचे गुडघे दुखतात’. अण्णांना रात्री चार वेळा उठवणारी, उचलणारी तीच आहे. तिचीही वेगळी पिशवी ओता. तिची बीपी-शुगर कधी तपासली ते विचारा, आणि तिची गर्भपिशवी तरुणपणी काढली होती का तेही विचारा. आपल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात तिशीतच पिशवी काढलेल्या बाया खूप आहेत, २०१९ साली त्यावर बराच गाजावाजा झाला. सोबत अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशी बाई सत्तर किलोच्या माणसाला बाजेवरून उचलते तेव्हा पाठीचा मणका दबतो, आणि घर तिला म्हणतं, कंबर धरली. तिने उचलायचं नाही, हे पक्कं करा. गुडघ्यासाठी चुलीपुढची उकिडवी बैठक बंद, भाकरी ओट्यावर उभ्याने. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत ताणून धरायचा, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. गुडघ्याला मलमापेक्षा याचा उपयोग जास्त.

टोळी परतेपर्यंत रात्रीसाठी गावातलाच एखादा विश्वासू पोरगा पैसे देऊन झोपायला ठेवा. आशाताईंना घरी बोलावून ओळख करून ठेवा. भाऊ परतला तर पुढच्या हंगामाला जोडीने जायचं की एकानेच, हे दसऱ्याच्या आत बसून ठरवा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतल्यावर तो विषय बोलण्यात अर्थ नसतो.

सरकारी कागदांपैकी दोनच सांगतो. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलात. दोघांचंही काढा, आधार कार्डावर होतं. खुब्याचं ऑपरेशन ठरल्यावर कार्ड काढायला धावणारी घरं मी दर महिन्याला बघतो. दुसरं, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, आईच्या फोनमध्ये ‘मदत’ नावाने साठवून द्या, आणि १०८ मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा.

फोनवर ‘बरं हाय का’ विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं, ‘बरं हाय’. असं विचारा: आज काय खाल्लं, तांब्या कितीदा भरला, संडास कधी झाली, रात्री कितीदा उठले, आज पारावर कोण भेटलं. व्हिडिओ कॉल असेल तर अण्णांना चार पावलं चालून दाखवायला सांगा. पाय घासत चालतायत, भिंत धरतायत, शर्टाची गुंडी खालीवर लागलीय, हे सगळं दिसतं.

आता लगेच करायचं ते: उद्याच अंबाजोगाई. सोबत पिशवी अख्खी न्या, त्यातलं काही घरी ठेवू नका. अहवाल आले की सोडियम, क्रिएटिनिन आणि साखरेचे आकडे मला कळवा, आणि सगळ्या पट्ट्या चादरीवर मांडून फोटो पाठवा. चमकणारी बाजू नको, मागची, जिच्यावर औषधाचं नाव छापलेलं असतं ती.